पाचशे तीस घोडे आणि एक निमित्त

मराठी माणूस नवी गाडी बघतो तेव्हा आधी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतो, मग टायरला बुटाच्या टोकाने हलकेच ढोसतो आणि विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडी शेजाऱ्याची असली, आपण ती सात जन्मांत घेणार नसलो, तरी विचारतो. जुन्या मोटारींच्या एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी संस्थानी थाटाच्या रोल्स-रॉइसच्या मालकालाही हेच विचारलं होतं. मालकाने ओशाळून आकडा सांगितला. गृहस्थांनी 'मग नाही परवडत' असा चेहरा केला आणि ते पुढच्या गाडीकडे सरकले.

इलेक्ट्रिक मोटारीने या प्रश्नातली हवाच काढून घेतली. घरी चार्ज केली तर किलोमीटरला दीड-दोन रुपये, असं उत्तर आल्यावर पुढे घासाघीस करायला काही उरत नाही, आणि घासाघीस करायला काही उरलं नाही की आमचा माणूस अस्वस्थ होतो. मग माहितीपत्रकात तो दुसरा आकडा शोधायला लागतो. तिथे त्याला '० ते १००' सापडतं. ही ओळ आजवर फक्त कॉलेजातली पोरं वाचायची. आता गुडघ्याला पट्टा लावणारी मंडळी चष्मा कपाळावर चढवून ती वाचतात आणि "बघू, बघू" म्हणत खुर्ची पुढे ओढतात.

आमचे साडू त्यातलेच. भोसरीला त्यांचं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपन्यांना ब्रॅकेट पुरवतात, त्यामुळे नगामागे पंधरा पैशांवरून परचेसवाल्याशी तासभर हुज्जत घालण्याचा सराव दांडगा. त्यांच्या घरी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलं. म्हणजे ताईंनी ठरवलं. ताई ही माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि त्या घरात ठरवण्याचं खातं तिच्याकडे आहे. कुठली घ्यायची, एवढं तिने साडूंवर सोडलं आणि तिथून आम्हा सगळ्यांची झोप उडाली.

त्यांची नजर बसली बीवायडीच्या सीलवर. ही चिनी सेडान आपल्याकडे २०२४ च्या मार्चमध्ये आली, ती तीन अवतारांत : साधी ४१ लाख, मधली ४५ लाख ५५ हजार आणि सगळ्यात वरची, जिचं नावच 'परफॉर्मन्स', ती ५३ लाख. हे एक्स-शोरूमचे भाव. मधलीत आणि वरचीत बॅटरी तीच, ८२.५६ किलोवॉट-अवरची. बाहेरून बघणाऱ्याला दोघी सारख्याच. मुख्य फरक असा की वरचीच्या पुढच्या चाकांना आणखी एक मोटर आहे. त्यामुळे मधली शंभरचा वेग गाठायला ५.९ सेकंद घेते आणि वरची ३.८. बदल्यात एका चार्जमध्ये मधली ६५० किलोमीटर जाते असं कंपनी सांगते आणि वरची ५८०.

साडूंनी हा तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे साडेसात लाख जास्त द्यायचे आणि सत्तर किलोमीटर कमी घ्यायचे?"

"सर, पण ही थ्री पॉइंट एट आहे," सेल्सचा मुलगा म्हणाला.

"ते कळलं. देते किती?"

"सर, इलेक्ट्रिक आहे."

"ते दिसतंय रे. देते किती?"

घरी आल्यावर साडूंनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. फरक ७ लाख ४५ हजारांचा, वाचले २.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेतीन लाखांहून जरा जास्त. नऊ टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज काढलं तर एवढ्या फरकाचाच हप्ता बारा हजारांच्या घरात जातो आणि व्याजासकट एकूण दहा लाख होतात. इतक्यात त्यांचा भाचा आला. तो सीओईपीचा आहे आणि त्या कॉलेजच्या मुलांचा स्वभाव असा, की दुसऱ्याचं गणित बरोबर सुटलेलं त्यांना बघवत नाही. तो म्हणाला, "मामा, तुमचं चुकतंय. तुम्ही शंभरला पोचता तेव्हा मागची गाडी काही पार्किंगमध्ये उभी नसते, तीही पळतच असते. तेव्हा पुढच्या सिग्नलला पोचताना तुमची खरी बचत २.१ च्या निम्मीच. एक सेकंद आणि वर चिमूटभर."

म्हणजे सेकंदाचा भाव एका झटक्यात सात लाखांवर गेला. साडूंनी भाच्याला चहा विचारला नाही.

पण भाचा थांबणाऱ्यांतला नव्हे. रोज एकदा, न चुकता, उभ्या गाडीतून थेट शंभरपर्यंत मुसंडी मारायची, असं सात वर्षं केलं तर एकंदर पाऊण तास वाचतो, असं त्याने काढून दाखवलं. पाऊण तास! आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' या पहिल्या विषयालाच तेवढा वेळ जातो. शिवाय रोज शंभर गाठायचे कुठे? २०२४ सालच्या टॉमटॉमच्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं आलं. दहा किलोमीटरला सरासरी तेहतीस मिनिटांहून अधिक. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. साडू कोथरूडहून भोसरीला जातात. त्या वाटेवर गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते यापेक्षा अठरावरून शून्यावर किती वेळा येते, हा आकडा माहितीपत्रकात छापायला हवा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची गोलाई ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच सांगितली आहे, ताशी पंचवीसने पार करायची. आमच्याकडचे गतिरोधक ज्यांनी बांधले त्यांनी हे मानक पाहिलेलं नसावं. ते गल्लीतल्या एखाद्या अपघातानंतर, रागाच्या भरात, रात्रीतून उगवतात.

एवढा हिशेब झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने मधली गाडी घेतली असती. पण साडू पुन्हा शोरूमला निघाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न हिशेबाचा नाहीच.

आमच्याकडे हौस कधी हौस म्हणून घरात येत नाही. ती मागच्या दाराने, दुसऱ्याचं नाव लावून येते. सोनं घेतलं की ती गुंतवणूक असते. साठ इंची टीव्ही घेतला की तो वडिलांच्या डोळ्यांसाठी असतो. महाबळेश्वरला गेलो की ते हवापालटासाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. 'मला आवडलं, मी घेतलं' हे वाक्य मी कोथरूडमध्ये अजून ऐकलेलं नाही. साडूंना ती वरची गाडी आवडली होती, एवढं साधं. आता त्यांना निमित्त हवं होतं आणि ते काही केल्या सापडत नव्हतं.

पहिलं निमित्त अर्थातच सेफ्टी. "घाटात ओव्हरटेक करताना ताकद लागते. समोरून ट्रक आला की झपकन आत घुसता आलं पाहिजे." यात तथ्य नाही असं नाही. साखर हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे ज्याने अर्धा तास काढलाय, त्याला विचारा. विजेच्या मोटरचं वैशिष्ट्य असं की पूर्ण जोर ती शून्यापासूनच देते. इंजिनाने आधी घसा साफ करायचा, गिअर बदलायचा, मग निघायचं, ही भानगड नाही. पण तोच गुण मधल्या गाडीतही आहे, आणि पंधरा-वीस लाखांच्या साध्या इलेक्ट्रिक गाडीतही बऱ्यापैकी आहे. ताईंनी तर मुळावरच घाव घातला. "ट्रॉली पुढे असली की मागे थांबायचं. लग्न झाल्यापासून मी हेच सांगतेय."

दुसरं निमित्त रीसेल. साडूंनी हा शब्द काढताच सेल्सच्या मुलाने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

तिसरं निमित्त खुद्द सरकारने दिलं. २०२५ च्या मार्चमधल्या राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर सहा टक्के कर सुचवला होता, आणि त्याच अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. साडूंनी ५३ लाखांचे सहा टक्के काढले. "तीन लाख अठरा हजार वाचले की!" जो कर लागलाच नाही तो वाचला, या आनंदात त्यांनी दोन दिवस काढले. वाढदिवसाला न बोलावलेल्या माणसाने आहेराचे पैसे वाचल्याबद्दल खूश व्हावं, त्यातला हा प्रकार. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी सुरू झाली, तीही त्यांनी जमेच्या बाजूला लिहिली. भाच्याने आठवण करून दिली की ही माफी मधल्या गाडीलाही आहे. या वेळीही चहा नाहीच.

द्रुतगती मार्गावरून आठवलं. सपाटीवर मोटारींना तिथे ताशी शंभरची मर्यादा, घाटात साठची, आणि २०२४ पासून जागोजागी कॅमेरे. आता गंमत बघा. मोटारीने ताशी शंभरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो १८९९ साली, २९ एप्रिलला, पॅरिसजवळच्या आशेर गावी. चालक कामीय जनात्झी हा बेल्जियन आणि गाडी चक्क विजेची, टॉर्पेडोच्या आकाराची. नोंदलेला वेग १०५.८८. म्हणजे लोकमान्य 'केसरी'चे अग्रलेख लिहीत होते त्या काळातल्या इलेक्ट्रिक गाडीलासुद्धा आज खालापूरच्या सपाटीवर मोबाइलवर चलान आलं असतं. सव्वाशे वर्षांत गाड्या कुठल्या कुठे गेल्या, पण कायद्याने पळायची हद्द तीच राहिली. त्या हद्दीपर्यंत लवकर पोचण्याचेच काय ते पैसे आपण भरतो.

अमेरिकेत हा सोस फार पुढे गेलेला आहे. टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही गाडी शून्यावरून ताशी साठ मैलांवर दोन सेकंदांच्या आत जाते, असा कंपनीचा दावा. पण त्याला बारीक अक्षरांत एक पुस्ती जोडलेली असते : पहिला एक फूट हिशेबात धरलेला नाही. शर्यतींच्या धावपट्टीवरची ही जुनी रीत आहे म्हणे. पुढची पायरी याहून भारी. तिथे टेस्ला काही गाड्यांना दोन हजार डॉलरमध्ये ज्यादा वेग नुसत्या सॉफ्टवेअरने देते, आणि मर्सिडीजने २०२२ मध्ये असाच वेग वर्षाला बाराशे डॉलर वर्गणीवर देऊ केला. घोडे तबेल्यात आधीपासूनच बांधलेले. आपण फक्त दावं सोडायचे पैसे द्यायचे. मुंबईत बीकेसीला टेस्लाने २०२५ च्या जुलैत दुकान उघडलं, तेव्हा साठ लाखांच्या घरातली मॉडेल वाय आली, पण तिचा वेगवान अवतार काही आला नाही. साडूंनी ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "बघा, त्यांनासुद्धा कळलं."

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या परफॉर्मन्स सीलमध्ये ५३० अश्वशक्ती आहे. शिवकालीन पागेची रचना सभासदाच्या बखरीत आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे जुमलेदाराच्या हाताखाली सव्वाशे घोडी. साडूंच्या एकट्याच्या बुडाखाली चार जुमलेदारांची पागा येणार होती, आणि ती बांधायची जागा कोणती, तर बी विंगच्या लिफ्टशेजारचं स्टिल्ट पार्किंग, जिथे आधीच दोन सायकली, एक मोडका कूलर आणि चेअरमनचा जुना सोफा नांदतो आहे. मी त्यांना आणखी एक सांगितलं. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. गाडी सात वर्षं बँकेकडे तारण. तेव्हा साडूसाहेब, तुम्ही बारगीर. यानंतर मलाही चहा बंद झाला.

सोसायटीची परवानगी हे आणखी एक प्रकरण, पण ते सगळ्यांना पाठ असल्यामुळे लांबवत नाही. "आज तुम्ही चार्जर लावाल, उद्या सगळेच लावतील," हे वाक्य सेक्रेटरी म्हणतातच. तोपर्यंत घरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवरून काम भागवायचं. त्यातून तीन-सव्वातीन किलोवॉट मिळतात. म्हणजे शंभर गाठायला ३.८ सेकंद घेणारी ही गाडी रिकामीची पूर्ण भरायला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र घेणार.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह झाली. पहाटेची वेळ, बायपासचा मोकळा तुकडा. साडू चाकावर, शेजारी सेल्सचा मुलगा, मागे ताई आणि मी. मुलगा म्हणाला, "सर, मॅडम, डोकी मागे टेकवून ठेवा." अशी सूचना मी विमानातसुद्धा ऐकलेली नाही. साडूंनी पाय दाबला.

३.८ सेकंदांत शंभर, याचा अर्थ आपल्या वजनाच्या सुमारे पाऊणपट जोराने आपल्याला कुणीतरी सीटमध्ये ढकलतं. हे कागदावर. प्रत्यक्षात आधी ताईंची पर्स गेली, मग चष्मा, मग पोटात जे काही होतं ते पाठीला जाऊन चिकटलं. आवाज काहीच नाही. इंजिनाचा गलका असता तर निदान काय चाललंय ते कळलं असतं. (हा आवाज आता मुद्दाम बनवून घेतात. बीएमडब्ल्यूने हान्स झिमरकडून घेतला, महिंद्रांनी ए. आर. रहमानकडून. पुण्यात त्याची गरज नाही. आपल्या वाटचा आवाज इतर लोक हॉर्न वाजवून पुरवतात.) पन्नासेक मीटरच्या आत हे सगळं उरकलं आणि पुढे एक म्हैस दिसली म्हणून साडूंनी पाय काढला.

मजा आली. मला मागे बसून आली, तर पुढे बसलेल्याला किती आली असेल! साडू पंचविशीतल्यासारखे हसत होते. त्या हसण्याची किंमत सात लाख पंचेचाळीस हजार आहे, असं कुणी सरळ सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, घ्या. पैसा तुमचा, कमाई घामाची, मुलं मार्गी लागलेली. सेकंदांचा हिशेब कशाला मांडायचा? पण ताईंनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "छान आहे हो. पण एवढ्या घाईने जायचं कुठे?" आणि साडू, ज्यांना 'कुठेच नाही, मजा आली' एवढंच म्हणायचं होतं, ते म्हणाले, "नाही, म्हणजे, ओव्हरटेक करताना..."

झालं. सीलचा विषय तिथेच मिटला.

त्यांची सुटका केली ती टाटांच्या हॅरियर ईव्हीने. २०२५ च्या जूनमध्येच ती आलेली होती. चाकणची महिंद्रा बीई ६ही त्यांनी बघून ठेवली होती. एकाच मोटरवर ६.७ सेकंदांत शंभर म्हणजे तशी तीही कमी नाही, पण तिच्या रूपाकडे बघून ताई म्हणाली, "ही मुलाला शोभेल." हॅरियरच्या ७५ किलोवॉट-अवरच्या वरच्या मॉडेलमध्ये एक मोटर घेतली तर २७ लाख ४९ हजार आणि दोन घेतल्या तर २८ लाख ९९ हजार. दुसरी मोटर दीड लाखाला! कंपनीने सांगितलेला पल्ला ६२७ वरून ६२२ वर येतो, म्हणजे तुटतात फक्त पाच किलोमीटर. नगामागे पंधरा पैशांसाठी भांडणाऱ्या माणसाला हा भाव बघून भरून आलं. पण भावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे या मोटरसोबत निमित्त फुकट मिळत होतं. दोन मोटरी म्हणजे चारही चाकांना जोर. चारही चाकांना जोर म्हणजे चिखल. आणि चिखल म्हणजे गुहागर तालुक्यातलं साडूंचं गाव, जिथे मुख्य रस्त्यावरून घराकडे उतरणाऱ्या वाटेवर दर गणपतीत तांबड्या चिखलात कुणाची ना कुणाची गाडी रुतते आणि आरती सोडून सगळे धक्का मारायला येतात.

"चारचाकी ओढ हवीच," साडू म्हणाले. "मूर्ती गाडीत असते."

यावर कोण काय बोलणार? हौसेने थेट गणपतीचं नाव लावलं होतं. ताईंनी मान डोलावली. त्याच दोन मोटरींच्या गाडीत 'बूस्ट' नावाचा एक मोड आहे आणि त्यात ती ६.३ सेकंदांत शंभर गाठते, ही गोष्ट साडूंनी त्या बैठकीत कुणालाच सांगितली नाही. भाच्याला ठाऊक होती. त्याला त्या दिवशी चहा मिळाला, सोबत बाकरवडीही.

गाडी आली. ५३ लाखांची न घेता २९ लाखांची घेतली, म्हणजे २४ लाख वाचले, असं ताईंनी जाहीर केलं. आणि हे वाचलेले पैसे, जे कुठल्याच खात्यात कधीही नव्हते, ते खर्च व्हायला लागले. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बदलल्या. गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. बहिणीबहिणींची युरोपची सहल निघाली. तिच्यात माझ्या बायकोचं नाव आहे, त्यामुळे बीवायडीची ती गाडी न घेतल्याचा भुर्दंड थोडासा मलाही बसला. मधे एकदा साडू चाचरत म्हणाले, "अगं, चोवीस कधीच संपले." तर उत्तर आलं, "मग ती न लागलेल्या कराची तीन लाख अठरा हजारांची वही काढा की."

पहिल्या गणपतीला ते मोठ्या ऐटीत गावी गेले. मुख्य रस्ता सोडून घराकडे वळले आणि ब्रेक मारून थांबले. ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात ती वाट काँक्रीटची केली होती, कडेला गटार काढलं होतं, वर दिवेही लावले होते. गावकऱ्यांनी सरपंचांचा सत्कार ठेवला. साडू सत्काराला गेले, नारळ दिला आणि हळूच विचारलं, "शाळेच्या मागून जो रस्ता जायचा, तो अजून तसाच आहे ना?"